त्रेचाळीस तास

“मेधाताई, इकडे या न जरा. मला शेवया नाही दिसून राहिल्या.”

छाया पटलेने मायक्रोस्कोपवरून डोकं न उचलता हाक मारली. मंगळवार होता, २१ मे १९९६, दुपारचे साडेतीन. बाहेर नागपूर पंचेचाळीस अंशांवर होतं. विभागाच्या खिडक्यांना वाळ्याचे पडदे होते आणि त्यांच्यावर सकाळी मारलेलं पाणी केव्हाच उडून गेलं होतं.

मी तिच्या जागी बसून भिंगात पाहिलं. आखूड, जाड, नीटनेटके जिवाणू. काही मधोमध आवळलेले, दोन व्हायच्या बेतात. एकही लांब नव्हता.

“कितीला ठेवले होते?”

“बेचाळीस. दोन तास पूर्ण.”

“हे मूळचे, न बदललेले तर नाहीत? नळ्या बदलल्या असतील.”

“सात नंबर आहे हा. चार नंबर पण असाच. एक, पाच, तेही तसेच. दोन, तीन अन् सहा तर उगवलेच नाही.” तिने हातमोजा काढला, पुन्हा घातला. “परवा समिती आहे, ताई.”

काम काय होतं ते सांगायला हवं. आतड्यातला साधा जिवाणू वाढतो, मधोमध आवळला जातो आणि एकाचे दोन होतात. हे आवळणं ज्या प्रथिनामुळे घडतं ते काढून टाकलं तर जिवाणू मरतो, आणि मेलेल्या जिवाणूकडून ते प्रथिन काय काय करत होतं हे कळत नाही. म्हणून प्रथिन ठेवायचं आणि त्याच्या जनुकातलं एखादंच अक्षर बदलायचं. बदल असा हवा की तीस अंशांवर प्रथिनाने काम करावं आणि तापमान चढलं की सोडून द्यावं. मग जिवाणू वाढत राहतो पण दोन होत नाही, शेवईसारखा लांबत जातो आणि शेवटी मरतो. कुठलं अक्षर बदलल्यावर काय बिघडतं यावरून प्रथिनाचा कुठला भाग कशासाठी आहे ते समजतं.

असे बदल मागून मिळत नाहीत, शोधावे लागतात. छायाने जिवाणूंवर रसायन घालून आंधळेपणाने बदल घडवले होते आणि चौदा महिने ती त्यांतून निवडत होती. एका प्लेटवरच्या वसाहती, म्हणजे एकेका जिवाणूपासून वाढलेले ठिपके, मखमलीच्या तुकड्यावर दाबायच्या, तोच तुकडा दोन नव्या प्लेटांवर ठसा उमटवावा तसा टेकवायचा, एक प्लेट तिसाला, एक बेचाळीसला. जी वसाहत पहिलीवर आहे आणि दुसरीवर नाही, ती आपली. मखमल ती सीताबर्डीच्या ब्लाउजपीसच्या दुकानातून आणायची आणि स्वतः कापायची. अकरा हजार वसाहती पाहून तिला असे सात प्रकार मिळाले होते. परवाच्या समितीसमोर हे सात ठेवायचे, नोंदणी कायम करून घ्यायची, म्हणजे फेलोशिप आणखी तीन वर्षं चालणार. समितीने नाही म्हटलं तर तुमसरला परत. तिच्या वडिलांनी तेवढीच मुदत दिली होती आणि मुलगाही बघून ठेवला होता.

“शुक्रवारी बरोबर होते?” मी विचारलं.

“शुक्रवारी मी सगळे नव्या प्लेटांवर उतरवले, बीओडीत ठेवले अन् सहाच्या गाडीने गेली. मामाच्या पोरीचं लग्न होतं. काल रात्री आली.”

“जुन्या प्लेटा?”

“त्या शनिवारी सकाळी उईकेभाऊ उकळायला नेतात. नेल्या असतीलच.”

नेल्या होत्या. उईकेभाऊ आमचे प्रयोगशाळा परिचर. नोकरीला एकतीस वर्षं झालेली, आणि शनिवारी सकाळी जुन्या प्लेटा उकळल्याशिवाय ते कधी घरी गेले नाहीत. जिवाणू जपून ठेवायचा उणे सत्तरचा डीप फ्रीझर फेब्रुवारीपासून बंद होता. कंपनीचा माणूस ‘पुढच्या आठवड्यात’ येणार होता. म्हणजे जगात ते सात प्रकार होते ते फक्त बीओडीतल्या त्या सात प्लेटांवर.

बीओडी हे आमचं कपाटाएवढं यंत्र. साधा इन्क्युबेटर फक्त तापवतो. खोलीच चाळीसवर गेली की तो काय करणार? बीओडी थंडही करतो. खोलीचा एसी एप्रिलमध्ये बंद पडला, तेव्हापासून अख्ख्या विभागात तीस अंश मिळण्याची ती एकच जागा होती. त्याच्या दारावर छायाने कागद चिकटवला होता: ‘३० अंश. कृपया हलवू नये. छाया.’ उईकेभाऊ त्यावरून तिला चिडवायचे.

“तुमच्या जंतूईले थंडी पाह्यजे, अन् आमी पंख्याखाली,” ते म्हणायचे. “पुढच्या जन्मी मले जंतूच कर म्हना.”

“तुम्हाला तर मी बेचाळीसलाच ठेवीन, भाऊ,” ती म्हणायची.

त्या दुपारी कोणी चिडवलं नाही.

सर पाच वाजता आले. डॉ. उमाळकर, आमचे मार्गदर्शक. आवाज कधी चढत नसे त्यांचा. त्यांनी सातही प्लेटा प्रकाशात धरून पाहिल्या, भिंगात पाहिलं आणि स्टुलावर बसले.

“पटले, हा मूळचाच जिवाणू आहे.”

“नाही सर. मी नावं घालून—”

“बेचाळीसला मजेत वाढतोय. मग काय म्हणायचं याला?”

“सर, शनिवार-रविवारात बीओडी चढला असेल. वीज गेली असेल. गरमीत बाकीचे मरतात अन् एखाद्यात बदल परत फिरला असेल तर तोच प्लेटभर पसरतो.”

“उईके,” सरांनी हाक मारली. “बीओडीची वही आणा.”

वहीत दिवसातून दोनदा तापमान लिहायचं असे. उईकेभाऊंनी वही आणली. महिनाभर सगळीकडे तीस, एकाच शाईत, एका बैठकीत लिहिल्यासारखं.

“हे रोज लिहिता की शनिवारी एकदम?” सरांनी विचारलं.

“सर, म्या पाहतो न रोज. तीसच राह्यते ते. हलतच नाही त काय लिवू?” उईकेभाऊ कानकोंडे झाले. “सोमवारी साडेनऊले बी तीस होतं. देवाशपथ.”

सर माझ्याकडे वळले. “शनिवार-रविवार इथे कोण होतं?”

“मी होते, सर. शेवटच्या प्रकरणाचं काम करत होते.”

“वीज गेली होती?”

“रविवारी दुपारी दहा मिनिटं. जास्त नाही.”

“बीओडीला कोणी हात लावला?”

“नाही, सर.”

सरांनी मान हलवली. “दहा मिनिटांत काही होत नाही. तू नळ्या मिसळल्यास, पटले. घाईत होतीस, गाडी गाठायची होती. होतं असं. पण आता समितीपुढे काय ठेवणार आहेस?”

“फोटो आहेत, सर. मार्चमधले. सातही प्रकारांचे.”

“फोटो,” सर म्हणाले, आणि उठून गेले.

बुधवारी तिने पुन्हा सगळं लावलं. निकाल तोच. मी तिला माझ्या डब्यातली पोळी दिली, ती तिने हातात धरून ठेवली. तिने मला एकदाच विचारलं, “ताई, तुम्हाला शुक्रवारचं आठवतं का? मी निघताना बीओडीचा आकडा पाहिला होता न?”

“मी तेव्हा वरच्या मजल्यावर होते गं,” मी म्हणाले. हे खरं होतं.

गुरुवारी अकरा वाजता समिती बसली. सर, विभागप्रमुख आणि बाहेरगावाहून आलेले एक तज्ज्ञ. संशोधक विद्यार्थ्यांनी एकमेकांची सादरीकरणं ऐकायची अशी पद्धत होती, म्हणून मी मागे बसले होते. छायाने फिकट निळी साडी नेसली होती, लग्नात मिळालेली असावी. ती चांगली बोलली. मखमलीपासून सुरुवात केली, अकरा हजारांवरून सातावर आली, मग फोटो दाखवले. पडद्यावर शेवया आल्या, काळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या, एकेक जिवाणू नेहमीच्या वीसपट लांब. मग ती म्हणाली, “हे सातही प्रकार सध्या माझ्याकडे या रूपात नाहीत.”

खोलीत कूलरचा आवाज होता.

“नाहीत म्हणजे?” तज्ज्ञांनी विचारलं.

तिने सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग अगदी सौम्यपणे विचारलं, “बाई, असे फोटो परदेशातल्या कित्येक पेपरांत आहेत. हे तुमच्याच प्लेटांवरचे कशावरून?”

तिला प्रश्न कळायला क्षणभर लागला. मग तिने सरांकडे पाहिलं. सरांनी टेबलावरच्या कागदांकडे पाहिलं.

“मी काढले आहेत,” ती म्हणाली. “रोलची निगेटिव्ह आहे.”

“निगेटिव्ह असेलच हो. पण जिवाणू कुठे आहे?”

मी त्या वेळी उठू शकले असते. तीन रांगा होत्या मध्ये.

नोंदणी कायम झाली नाही. कागदावर ‘समाधानकारक प्रगती नाही’ एवढंच लिहिलं गेलं. फोटोंबद्दल कोणी काही लिहिलं नाही; ते फक्त बोललं गेलं, आणि संध्याकाळपर्यंत दोन्ही मजल्यांवर पोचलं.

शनिवारी ती सामान घ्यायला आली. प्रयोगाची वही प्रयोगशाळेतच ठेवायची असा नियम, ती तिने माझ्या टेबलावर ठेवली. मग बीओडी उघडून सात प्लेटा काढल्या, एकेक पुसली, चिकटपट्टी लावली आणि माझ्यापुढे रचल्या.

“यांना उकळायला नका देऊ, ताई. फ्रिजमध्ये ठेवा. माझ्या काही कामाच्या नाही आता. पण जे चार जगले ते कसे जगले, हे कोणीतरी पाहायला पाहिजे. तीनांत जुनं अक्षर परत आलं असेल. पण सात नंबरच्या वसाहती जरा बारीक आहेत, मूळच्यासारख्या नाहीत. त्यात दुसरंच काही झालं आहे असं मला वाटतं.”

“बघते,” मी म्हणाले.

“अन् माफ करा. तुमच्या थीसिसच्या गडबडीत मी तुम्हाला त्रास दिला. चूक माझीच आहे. शुक्रवारी आकडा मी पाहिला नसेल. गाडीचंच डोक्यात होतं.”

“असू दे गं.”

“तुमचं झालं का सगळं?”

“झालं. एकतीसला देतेय.”

“छान झालं,” ती म्हणाली, आणि मनापासून म्हणाली. उईकेभाऊंनी तिची ट्रंक रिक्षापर्यंत नेली. जाताना तिने बीओडीच्या दारावरचा आपला कागद काढला, चिकटपट्टीचे कोपरे नखांनी खरवडले आणि जागा ओल्या फडक्याने पुसली.

माझा थीसिस वेळेवर गेला. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात, तोंडी परीक्षेची वाट पाहत असताना, मी त्या प्लेटा बाहेर काढल्या. चार प्रकारांतलं ते जनुक आणि त्याच्या शेजारची जनुकं वाचायला हैदराबादला पाठवली. ऑगस्टमध्ये कागद आले. तीनांत जुनं अक्षर जसंच्या तसं परत आलं होतं. सात नंबरमध्ये छायाने बिघडवलेलं अक्षर बिघडलेलंच होतं, आणि तरी जिवाणू बेचाळीसला जगत होता. दुसऱ्याच एका प्रथिनात, ज्याचं काम तोवर कोणाला माहीत नव्हतं, एक अक्षर बदललं होतं. पहिलं प्रथिन ढिलं पडलं की हे दुसरं त्याला आता घट्ट धरत होतं. म्हणजे मुळातही ही दोन प्रथिनं एकमेकांना धरूनच काम करत असणार. हे दाखवायला मला पुढे सव्वा वर्ष लागलं, पण काय सापडलं आहे ते त्या दुपारीच कळलं होतं.

सरांना मी कागद दाखवले. ते उभे राहिले. इतक्या वर्षांत त्यांना मी असं कधी पाहिलं नव्हतं.

“मेधा, हे मोठं आहे. हे फार मोठं आहे.”

“सर, म्हणजे तिचा सात नंबर खरा होता. अक्षर अजून त्यात आहे.”

“हो. तेवढं दिसतंय.” ते खाली बसले. “पण हा बदल आपोआप तीस अंशांवर कशाला निवडला जाईल? प्लेटा कधीतरी गरम झाल्याशिवाय हे शक्य नाही. किती अंश, किती वेळ, हे पेपरात लिहावं लागेल. नाहीतर कोणी छापणार नाही. तिला कुठे विचारत बसणार?”

“तिच्या वहीत आहे, सर,” मी म्हणाले. “सदतीस अंश. त्रेचाळीस तास.”

सर माझ्याकडे बघत राहिले. मग हळूहळू त्यांचा चेहरा बदलला.

“म्हणजे तिने स्वतः चढवलं होतं. आणि समितीपुढे बसून आम्हाला वीज गेल्याचं सांगत होती.”

मी टेबलावरचे कागद आवरले. सरांनी वही मागितली नाही. त्यांना ती कधीच लागली नाही.

वहीत तसं काही नव्हतं. ते आकडे माझे होते. शनिवारी, १८ मे रोजी दुपारी दोन वाजता मी बीओडी उघडला. मला माझ्या शेवटच्या आलेखासाठी सदतीस अंश हवे होते आणि सदतीसच्या इन्क्युबेटरचा काटा एक्केचाळीसवर होता. दारावरचा कागद मी वाचला. छायाच्या सात प्लेटा वरच्या कप्प्यात होत्या. त्या फ्रिजमध्ये ठेवल्या असत्या तर काहीही झालं नसतं, पण फ्रिज गच्च भरलेला होता आणि जागा करायला वीस मिनिटं लागली असती. हिचे जिवाणू बेचाळीसला मरतात, सदतीसला कळ काढतील, असं मी ठरवलं. कळ काढतात का ते मला पक्कं माहीत नव्हतं. विचारायला ती नव्हती. सोमवारी सकाळी नऊला मी माझे फ्लास्क काढले आणि आकडा परत तिसावर आणला. साडेनऊला उईकेभाऊंनी पाहिला तेव्हा तो खरोखरच तीस होता.

मंगळवारी तिने हाक मारली तेव्हा, भिंगात डोळा लावल्या लावल्या, मला कळलं होतं.

पेपर ९८च्या मार्चमध्ये आला. चांगल्या नियतकालिकात आला. लेखक दोन: मी आणि सर. छायाचं नाव कुठे घालायचं ते सरांनी माझ्यावर सोडलं. “तू ठरव. पण वादग्रस्त माणूस लेखकांत नको,” ते म्हणाले. मी शेवटी आभारांत घातलं, ‘तांत्रिक साहाय्याबद्दल’. पद्धतींच्या विभागात, बारीक टायपात, आकडे मात्र खरे लिहिले. तिथे चुकीचा आकडा लिहायला माझा हात धजला नाही. त्या पेपरवर मला बाहेरची दोन वर्षं मिळाली, परत आल्यावर विभागातच नोकरी मिळाली.

२००० च्या जूनमध्ये, दुपारी बाराच्या सुमाराला, विभागातल्या टेलिफोनवर माझ्यासाठी फोन आला.

“मेधाताई? छाया बोलून राहिली. तुमसरहून. एसटीडीवरून.”

मी तब्येत विचारली. ती तिथल्या कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवत होती. एक मुलगी होती, दोन वर्षांची.

“मागच्या महिन्यात पेपर तपासायला नागपूरला आली होती. तर लायब्ररीत गेली. तुमचा पेपर वाचला. सात नंबर न तो?”

“हो.”

“मी म्हटलंच होतं, दुसरंच काही आहे म्हणून.” तिच्या आवाजात आनंद होता. खरा आनंद. मग तो गेला. “ताई, तिसऱ्या पानावर डावीकडे लिहिलं आहे. सदतीस अंश, त्रेचाळीस तास. मला ते कळलं नाही. माणूस चोवीस तास ठेवते, अट्ठेचाळीस ठेवते. त्रेचाळीस कोण ठेवते?”

मी फोनची वायर बोटाला गुंडाळत होते.

“मी घरी येऊन मोजलं. सोमवारी सकाळी नऊला तुम्ही नेहमी यायच्या. तिथून मागे गेली तर शनिवारचे दोपहरचे दोन निघतात. शनिवारी उईकेभाऊ साडेबाराला जात.”

“छाया—”

“तुम्हाला सदतीस पाहिजे होतं. आलेखासाठी.”

“हो.”

बूथवरच्या मीटरची टिकटिक मला ऐकू येत होती. मागे कोणीतरी तिला घाई करत होतं, आणि ती त्याला हिंदीत ‘एक मिनट, भैया’ म्हणाली.

“चार वर्षं झाली ताई,” ती म्हणाली. “मी निघताना आकडा पाहिला की नाही, हे मी रोज आठवते. पोळ्या करताना, मुलांची हजेरी घेताना. कधी वाटते पाहिला, कधी वाटते नाही. आमच्या घरी म्हणतात, झालं गेलं सोडून दे. पण मला ते आठवतच नव्हतं.”

“तू पाहिला होतास,” मी म्हणाले. “तीस होता. मी उघडला तेव्हा तीसच होता.”

तिने मागच्या माणसाला पुन्हा ‘एक मिनट’ म्हटलं.

“सर आहेत अजून?”

“मागच्या वर्षी निवृत्त झाले. इथेच असतात, धरमपेठेत.”

“मग त्यांना एवढं सांगाल? बाकी काही नाही पाहिजे. नोंदणी नाही, नाव नाही. फक्त आकडा मी हलवला नव्हता, एवढं त्यांना माहीत असलं पाहिजे. मी मिसळलंही नव्हतं. ते कोणावर ओरडत नसत, मलाही ओरडले नाही. म्हणूनच ते लागलं.”

“सांगते,” मी म्हणाले.

“नक्की?”

“नक्की. याच आठवड्यात जाते.”

“बरं,” ती म्हणाली. “ठेवते मग.”

त्या आठवड्यात मी गेले. सर व्हरांड्यात पेपर वाचत बसले होते. वहिनींनी आंब्याचं पन्हं दिलं. सरांनी माझ्या नव्या विद्यार्थ्यांची चौकशी केली आणि म्हणाले, “एक लक्षात ठेव. हुशार पुष्कळ भेटतात. सरळ माणूस बघून घे.” मी हो म्हणाले. मग त्यांनी त्या पटले नावाच्या मुलीचं उदाहरण दिलं. मी पन्हं संपवलं आणि निघाले.

सर त्यानंतर अकरा वर्षं होते. दर गुरुपौर्णिमेला मी त्यांच्याकडे जात असे.